पहिलारू गाय आणि पहिला चीक

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात रात्री साडेअकरा वाजता फोन वाजला. पलीकडे माझा एक जुना विद्यार्थी होता. नोकरी सांभाळून त्याने कर्जत रस्त्याला थोडी जमीन घेतली आहे, दोन गाई पाळल्या आहेत. आवाजात घाबरगुंडी होती. "सर, कालवड व्याली. पहिलंच वेत आहे. वासरू उठायला बघतंय, पण ती जवळ येऊ देत नाही, लाथ मारते. आणि गडी म्हणतो, वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही. काय करू?"

या मुलाला मी शाळेत पानिपतची लढाई शिकवली होती. आता तो मला गाईचे बाळंतपण विचारत होता. खोपोली परिसरात माझी ख्याती इतिहासापेक्षा गुरांमुळेच जास्त आहे, त्याला माझा इलाज नाही. मी त्याला सांगायचे ते सांगितले. वासराच्या अंगावर थोडे मीठ आणि कोंडा भुरभुरव, म्हणजे ती चाटायला लागेल. एकाने तिच्या तोंडाशी उभे राहून मान खाजवायची, दुसऱ्याने वासराला कासेशी धरायचे. आणि वारेची वाट पाहायची नाही, आत्ताच्या आत्ता पाज. फोन ठेवला, पण झोप लागली नाही. तोच प्रश्न, तेच शब्द, मी १९७९ साली आमच्या गोठ्यात ऐकले होते. तेव्हा उत्तर उलटे दिले गेले होते.

श्रोतेहो, राजे आणि लढाया यांचा इतिहास लिहिलेला असतो. गोठ्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो शोधावा लागतो शब्दांत, रूढींत आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत. शब्दांपासूनच सुरुवात करू. पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला आपण पहिलटकरीण म्हणतो आणि पहिल्यांदा विणाऱ्या गाईला पहिलारू. दोघींसाठी भाषेने वेगळा शब्द राखून ठेवला, याचा अर्थ पहिली खेप ही वेगळी आणि काळजीची असते, हे फार जुन्या काळापासून माहीत होते. पण बाईसाठी सुईण होती. गाईसाठी तसा शब्द आमच्या भागात मी ऐकला नाही. गाईला सुईण लागतच नसे.

हे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून जरा खुलासा करतो. कर्जत-खालापूरची जुनी गाय म्हणजे लहान चणीची, काटक, पावसात आणि डोंगरात टिकणारी. या गाईला २०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने अधिकृत जातीचा दर्जा मिळाला. तोवर तिला सगळे नुसते 'गावठी' म्हणत. ही कालवड चार-साडेचार वर्षांची, अंगाने पुरी भरल्यावर व्यायची आणि वासरू असायचे लहानसे. गुरे दिवसभर रानात. माझी आजी सांगायची, "गाय संध्याकाळी घरी आली नाही की समजायचं, व्याली. सकाळी गुराखी जाऊन बघायचा, तर करवंदीच्या जाळीमागं वासराला चाटत उभी." गुराखी वासराला खांद्यावर टाकून आणायचा आणि मागून गाय हंबरत यायची. मदत म्हणतात ती एवढीच.

त्या काळी वासरू हवे असायचे ते दुधासाठी नव्हे, बैलासाठी. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे हे लक्षात घ्या. नाना फडणवीसांनी बांधलेला इथला तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ आजही उभे आहे. घाट चढण्याआधी माणसे-जनावरे टेकत ती इथे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून जायचा. १८५६ मध्ये मुंबईकडून रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत, आणि मधला घाट रुळांनी जोडला गेला १८६३ मध्ये. ही मधली पाच वर्षे उतारूंना पालखी, डोली नाही तर बैलगाडी यांचाच आधार होता. अशा गावात गोऱ्हा जन्मला की घर आनंदायचे. गाईचे दूध वासराचे पोट भरून उरले तर आपले.

सरकारचे लक्ष गाईकडे गेले तेही बाळंतपणासाठी नव्हे. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. तिथली मोठी लढाई होती बुळकांडीशी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग. (तो जगातून पूर्णपणे गेल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडावे लागले.) लष्कराचे घोडे आणि गुरांच्या साथी यांतच डॉक्टर गुंतलेले. कुठल्या वाडीत कुठल्या गाईचे वासरू दगावले, ही त्यांच्या कागदावर येण्यासारखी बाब नव्हती.

मग गाय कधी अडायला लागली? माझ्या मते याचे उत्तर आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर घडले. १९६०-७० नंतर खोपोलीत कारखाने वाढले, कामगार आले, चहाच्या टपऱ्या आल्या. दुधाला रोख पैसा मिळू लागला. त्याच सुमारास कृत्रिम रेतनाचा प्रसार होत होता. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' संस्था सुरू केली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात नेण्याचे मोठे काम केले. सरकारी दवाखानेही त्या मार्गाने निघाले. या संकराला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. त्या दुधावर आमची चार भावंडे शिकली. पण दुधाबरोबर दुसरेही काही गोठ्यात आले. संकरित कालवड अडीच-तीन वर्षांतच विऊ लागली, अंग पुरते भरायच्या आत. जर्सीचे वासरू त्यातल्या त्यात आटोपशीर. होल्स्टीनचे मात्र शुद्ध जातीत चाळीस किलोच्या आसपास भरते. संकरात ते थोडे लहान असले, तरी वाट अरुंद आणि वाटसरू मोठा, अशी गत झाली. शिवाय ही महागाची गाय रानात कोण सोडणार? ती गोठ्यात, दाव्याला, पाच माणसांच्या देखत विऊ लागली.

आमची मोरी तशीच. गावठी गाईला जर्सीपासून झालेली. अधिक दुधाच्या आशेने वडिलांनी तिला होल्स्टीनचे रेतन केले. १९७९ चा श्रावण. मी बारा वर्षांचा. दुपारपासून मोरी अस्वस्थ होती, उठत होती, बसत होती, मागे वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. जणू कोणी तिला मागून हाक मारत होते. रात्री पाणमोट फुटली. दोन तास झाले तरी दोन खुरांच्या टोकांपलीकडे काही दिसेना. वडिलांनी सोल घेतला आणि खुरांना बांधायला निघाले. तेवढ्यात घाटमाथ्यावरून खाली आलेले एक धनगर मामा, जे आमच्या ओटीवर मुक्कामाला होते, ते उठून आले.

त्यांनी सोल बाजूला टाकायला लावला. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, गोडेतेल लावले आणि आत घातले. "नाक पायांवर आहे. सरळ आहे. घाई करू नका," म्हणाले. मऊ धोतराचे फाडलेले पट्टे खुरांच्या वर बांधले. पुढची गोष्ट मी आयुष्यात विसरलो नाही. मोरी कळ द्यायची तेव्हाच ते ओढायचे. कळ थांबली की तेही थांबायचे. आधी एक पाय थोडा पुढे, मग दुसरा, म्हणजे खांदे तिरपे होऊन निघतात. डोके बाहेर आल्यावर ओढ सरळ मागे नाही, खाली, गाईच्या घोट्यांकडे. पुढे शिकलेल्या डॉक्टरांकडून मी हेच ऐकले, शब्दसुद्धा जवळपास तेच. मामांनी शाळा पाहिलेली नव्हती.

वासरू पडले. कालवडच होती, काळी, कपाळावर चांदकी. श्वास नव्हता. मामांनी नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवली, ती शिंकली. सगळे हसले. पाऊण तासात ती चार पायांवर डुगडुगत उभी राहिली आणि भिंत, खांब, वडिलांचा गुडघा असे जे दिसेल ते चोखू लागली.

आणि आजी म्हणाली, "वार पडल्याशिवाय नाही हां पाजायचं."

कोणी विरोध केला नाही. मामासुद्धा बोलले नाहीत, घर आजीचे होते. कंदिलाच्या उजेडात आम्ही वारेची वाट पाहत बसलो. वासरू दमून ओल्या पेंढ्यावर निजले. पहाटेपर्यंत वार पडली नाही, ती पडली दुपारी. मग पहिला चीक काढला, थोडा देवाला ठेवला, शेजारी चार घरी दिला, खरवस केला. वासराला पाजले दिवस कलताना. तिसऱ्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागली, चौथ्या दिवशी ते गेले. लोक म्हणाले, चांदकीला दृष्ट लागली. मी तो खरवस खाल्ला होता. पुढे बरीच वर्षे मला खरवस नको वाटायचा, कारण कोणाला सांगितले नाही.

शिक्षक झाल्यावर या गोष्टीचा दुसरा धागा मला एका परदेशी शोधनिबंधात सापडला. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या प्राणिरोग विभागात थिओबाल्ड स्मिथ हा शास्त्रज्ञ होता. गोचीड गुरांचा ताप पसरवते, हे १८९३ साली दाखवून देणारा हाच. १९२२ साली त्याने राल्फ लिटल या सहकाऱ्याबरोबर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही वासरांना जन्मल्यावर चीक मिळू दिला, काहींना त्याऐवजी नुसते दूध. चीक मिळालेली जगली. न मिळालेल्यांपैकी बहुतेक मेली.

कारण असे. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी द्रव्ये आईच्या पोटातच, वारेतून मिळतात. गाईची वार निराळ्या घडणीची असते, तिच्यातून ती पार होत नाहीत. वासरू जन्मते ते निःशस्त्र. त्याची सगळी शिबंदी चिकात असते. त्यातून आतड्याचे दार ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्यापुरते थोडाच वेळ उघडे असते. पहिल्या काही तासांत उत्तम, मग तासागणिक कमी, आणि दिवसभरात बंद. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत पाजायचे आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जाईल असे पाहायचे. आमच्या चांदकीला चीक मिळाला तेव्हा ते दार जवळजवळ लागले होते.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. वासरू सडाला तोंड लावते तेव्हा गाईला पान्हा फुटतो. ज्या स्रावाने पान्हा फुटतो त्यानेच गर्भाशयही आकसते आणि वार सुटायला मदत होते. म्हणजे आम्ही वारेसाठी पाजणे थांबवले होते, आणि पाजले असते तर वारेलाच मदत झाली असती.

मग एवढी उलटी रूढी इतकी वर्षे टिकली कशी? आमचे पूर्वज मूर्ख होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझा तर्क वेगळा आहे. गाय रानात व्यायची तेव्हा वासरू माणूस पोहोचायच्या आत रात्रभर पिऊन घ्यायचे. गुराखी पोहोचेपर्यंत वारही पडलेली असायची. नियम घरात होता, जनावर रानात होते. दोघांची गाठच पडत नव्हती. गाय दाव्याला आली आणि नियम पहिल्यांदा खरोखर लागू झाला. हा तर्क मी कागदपत्रांनी सिद्ध करू शकत नाही, पण आजीच्या करवंदीच्या जाळीतल्या गोष्टीशी तो जुळतो. वसुबारसेचा उपासही मला याच जुन्या जगातला वाटतो. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका गाईचे दूध-तूप वर्ज्य करतात आणि पूजा करतात ती एकट्या गाईची नव्हे, सवत्स धेनूची.

मोरी पुढे दोनदा सुखरूप व्याली. तिची दुसऱ्या वेताची कालवड १९८५ च्या कार्तिकात पहिलारू झाली. तोवर मी कॉलेजात होतो आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका पशुधन पर्यवेक्षकांनी आम्हाला चिकाचे महत्त्व समजावले होते. यावेळी वाट अडली नाही, पण कालवड बिथरली होती. कास सुजून तट्ट झालेली, वासरू सडाला लागले की दुखायचे आणि लाथ यायची. मी वासराच्या बेंबीची नाळ दोन बोटे ठेवून कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली आणि त्याला उचलून कासेकडे नेऊ लागलो.

"वार?" आजी दारातूनच म्हणाली. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती.

मी प्रिन्स्टन सांगितले नाही, तेव्हा ते मला माहीतही नव्हते. मी म्हणालो, "आजी, रानात व्याली असती तर याला कोणी अडवलं असतं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग काठी भिंतीला टेकवून आत आली, कालवडीच्या मानेखाली हात घातला आणि गळ्याची पोळी खाजवू लागली. कालवड शांत झाली. वासराने सड धरला. पहिल्याच ढुश्शीला कालवडीने पाय उचलला, आजीने "हं, हं" केले, आणि तिने तो परत खाली ठेवला. वार तीन तासांनी पडली.

खरवस आजीने चौथ्या दिवशी केला. एकच वाटी.