बावखल

बावखल : वसई तालुक्याच्या (जि. पालघर; २०१४ पूर्वी ठाणे) पश्चिम किनारपट्टीतील खोदीव, गोड्या पाण्याचे तळे. ‘बाव’ म्हणजे विहीर. वसई गावातील होळी बाजारापासून उत्तरेस आगाशीपर्यंतच्या पट्ट्यात घरामागे वा वाडीच्या कडेला अशी तळी आढळतात.

घराचे जोते व सखल जमीन उंचावण्यासाठी माती काढली जाई. त्या खड्ड्यात पावसाचे व झऱ्यांचे पाणी साठून बावखल तयार होई. तळ मातीचाच असल्याने पाणी मुरून आसपासच्या विहिरींना पुरवठा होई. काठावरील रहाटाने ते केळी, पानवेली व भाजीपाला यांना देत. मुले तेथेच पोहण्यास शिकत.

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर गाळ उपसून तो बागांना खत म्हणून घालीत. गाळ राहिल्यास झरे बुजतात, शेवाळ माजते व पाणी कुजते. बांधीव तरणतलावात गाळणयंत्र व क्लोरीन यांनी पाणी शुद्ध राखतात; बावखलाची भिस्त भूजलाशी होणारी देवघेव व ही नियमित निगा यांवर असे.

विजेचे पंप आल्यावर रहाट मागे पडले; पुढे नागरीकरणात अनेक बावखले बुजविण्यात आली. किनाऱ्यालगत गोडे भूजल खाऱ्या पाण्यावर थरासारखे असते. उपसा वाढून मुरणारे पाणी घटल्यास विहिरी खारट होतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय झाला, तेव्हा पाणी सामावणाऱ्या अशा जागांचे मोल पुन्हा प्रत्ययास आले.