खळ्यावरची शाळा

साल १९३०, कार्तिक महिना. तुम्ही चार वर्षांचे आहात. नाशिककडच्या सुरगाण्याच्या डोंगरात, कोकणा आदिवासींच्या पाड्यावर, सारवलेल्या खळ्याच्या कडेला उकिडवे बसला आहात. आजी नागलीची कणसं झोडपतेय. तुमच्याही हातात काठी आहे, बोटाएवढी जाड, तुमच्या मापाची. तुम्ही मारता, दाणे सुटत नाहीत. आजी काही बोलत नाही. तुम्ही तिच्या मनगटाकडे बघता, काठी जरा वर उचलता, पुन्हा मारता. आता दाणे उडतात.

मग मापणी. दोन अधोल्या झाल्या की एक पायली, आणि पायलीमागे आजी एक खडा बाजूला ठेवते. तुम्हाला अंक येत नाहीत, पण पुढच्या पायलीला खडा ठेवायला तुमचाच हात आधी जातो.

रात्री काशाची थाळी निघते. तिच्यावर मेणाने एक काडी उभी चिकटवलेली. जाणता म्हातारा काडीवरून बोटं ओढतो आणि थाळी घुमू लागते. त्या घुमण्यावर धान्याची देवी कणसरी हिची कथा सुरू होते. दिवसभर ज्या दाण्यांवर काठी चालवली, त्यांच्यामागे केवढी मोठी गोष्ट आहे, हे ऐकता ऐकता तुमचा डोळा लागतो. काम, हिशेब आणि गोष्ट एकाच दिवसात शिकून झाली, आणि शिकवणारी माणसं घरचीच होती.

आता पंधरा वर्षं पुढे या आणि घाट उतरून समुद्राकडे चला. १९४५, बोर्डी. नाशिकच्या डोंगरात राहणारे वारली आदिवासी इकडे डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यातही आहेत. याच वर्षी मे महिन्यात झरीला ते हजारोंनी जमले आणि कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत बालवाडी सुरू करतात. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंना माँटेसरी पद्धत पुरती ठाऊक आहे. पण वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत. आईबाप कामावर, थोरल्यांच्या कडेवर धाकटी भावंडं, मागे गुरं. मग ताराबाई ठरवतात, मुलं येत नसतील तर आपण जायचं.

तुम्ही अनुताईंच्या मागोमाग पाड्यात शिरता. तुमच्या डोक्यावरच्या टोपलीत शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानं आहेत. महागडी साधनं इथे कुठून आणणार? आणि हवीत कशाला? आधी मुलांची आंघोळ, वेणीफणी. मग कुणाच्या तरी अंगणात टोपली उपडी होते. पोरं शिंपले हातात घेतात, लहानमोठे लावतात, मोजतात. ही साधनं त्यांच्या ओळखीची आहेत, त्यामुळे हात बिचकत नाहीत.

आणखी दहा-बारा वर्षं पुढे. ताराबाई-अनुताईंचं काम आता कोसबाडच्या टेकडीवर गेलंय. तुम्ही गुराखी पोर आहात. गुरं सोडून शाळेत बसता येत नाही, म्हणून शाळाच कुरणात आली आहे. तुम्ही गवतात बसून मोजणी शिकता आणि नजर गुरांवरही असते. कोणती गाय भरकटली, हे बाईंच्या आधी तुम्हाला कळतं, आणि बाईंना ते शिकण्यासारखं वाटतं.

इथे क्षणभर थांबा. जागा बदलली, वेळ बदलली, साधनं बदलली. आपल्याकडच्या बालशिक्षणातली ही फार मोठी उडी होती. पण शिकवायला येणारी व्यक्ती अजून बाहेरचीच आहे. खळ्यावरची आजी आणि थाळीवाला म्हातारा या वर्गात आलेले नाहीत.

ते येऊ शकतात, हे बघायला १९८२ साली न्यूझीलंडमधल्या वाइनुइओमाता गावी चला. नातवंडांच्या तोंडून तिथल्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा नाहीशी होत चाललीय, म्हणून आज्याच पुढे झाल्या आहेत. त्यांच्या या पहिल्या ‘कोहांगा रेओ’त, म्हणजे भाषेच्या घरट्यात, तान्ह्या मुलांपासून सगळ्यांशी दिवसभर माओरीतच बोललं जातं. काही वर्षांत अशी शेकडो केंद्रं उभी राहतात. १९९६ साली देशाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरतो, तेव्हा त्याच्या घडणीत माओरी जाणकार बरोबरीने बसलेले असतात.

आणि आता आज. तुम्ही पुन्हा चार वर्षांचे आहात, पेठ तालुक्यातल्या एका अंगणवाडीत. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. पोटाला खाऊ मिळतो, लस मिळते, सेविका ताई मायेने जवळ घेतात. पण समोरच्या तक्त्यावर सफरचंद आहे. तुम्हाला करवंद माहीत आहे, उंबर माहीत आहे, कोणतं पाखरू कधी ओरडतं ते माहीत आहे. त्यातलं कोणी काही विचारत नाही. तुम्ही गप्प बसता आणि ‘हे मूल बोलत नाही’ असा समज होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा शिक्षणाचा पाया मानला आणि शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असं सांगितलं. म्हणजे धोरण आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिक शहरातच आहे. आणि याच नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर समाजांतले जाणते आजी-आजोबा आजही आहेत. त्यांना पाहुणे म्हणून वर्षातून एकदा बोलावून भागणार नाही. आठवड्यातले ठरलेले दिवस त्यांचे असावेत, त्यांना मानधन मिळावं, आणि कोणती कथा कोणत्या ऋतूत सांगायची, कोणती मुलांपुढे सांगायचीच नाही, हे त्यांनीच ठरवावं. सेविका ताईंनी त्यांच्या शेजारी बसून शिकावं. ताराबाई-अनुताईंनी शाळा अंगणात नेली. त्या अंगणातल्या जाणत्यांना शिक्षकाचा मान देणं हे आपल्या पिढीचं काम आहे, आणि हे जाणते आहेत तोवरच ते करता येईल.