चाल ओळखीची, शब्द नवे

अंबाजोगाई म्हटलं की आधी योगेश्वरीचं देऊळ आठवतं, मग मुकुंदराज, मग दासोपंत. दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी तर प्रसिद्धच आहे. कागद पुरेना म्हणून की काय, या माणसाने जवळपास ४० फूट लांब कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं! पण आजचा विषय पासोडी नाही. आजचा विषय आहे चर्चमधली गाणी. गोंधळलात? थांबा, सांगतो.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात दासोपंतांचं चरित्र इंग्रजीत आलं. भाषांतरकार होता जस्टिन ॲबट, अमेरिकन मराठी मिशनचा निवृत्त पाद्री. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांनाही त्याने त्याच मालिकेत इंग्रजीत नेलं. आता धर्मप्रसाराला आलेल्या मिशनचा माणूस अंबाजोगाईच्या दत्तभक्ताच्या मागे का लागावा? एकट्याचा छंद म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटतं, यामागे त्याच्या मिशनने शंभर वर्षांत घेतलेला एक धडा आहे. मराठी माणूस प्रार्थना 'म्हणत' नाही, गातो. आणि कुठल्याही चालीवर गात नाही.

हे मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). सुरुवातीचा मार्ग साधा होता. इंग्रजी गीत घ्या, मराठीत भाषांतर करा, मूळच्याच सुरावटीवर गा. इंग्रजी गीतांच्या पुस्तकांत एक फार सुंदर सोय असते. प्रत्येक गीतावर अक्षरसंख्या लिहिलेली असते, उदाहरणार्थ ८-७-८-७. हा आकडा जुळला की कुठलंही गीत कुठल्याही चालीवर बसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरलेला, इम्प्लिमेंटेशन बदला! मग मराठीत अडलं कुठे?

अडलं ते आघातावर. इंग्रजी चाल ठरावीक अक्षरावर जोर देते. मराठीत तसा जोर नसतो, ऱ्हस्व-दीर्घ असतं. 'कृपा' हा शब्द घ्या. आपण 'पा' लांबवतो. पण चालीचा जोर आणि लांबी पहिल्या अक्षरावर असेल तर तो 'कृऽऽपा' होतो. एकदा झालं तर ठीक, पण ओळीमागून ओळ असंच होत गेलं तर गाणाऱ्याला स्वतःचीच भाषा परकी वाटायला लागते. त्यात चार वेगवेगळ्या आवाजांचं गाणं! क्वायरने ते सरावाने बसवलं, तरी मागच्या रांगेतल्या माणसाने काय करायचं? ऐकत बसायचं. म्हणजे मंडळी होती, तिचे श्रोते झाले.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आधीच सापडलेलं होतं. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने 'क्रिस्तपुराण' चक्क ओवीत रचलं. सुमारे ११ हजार ओव्या! ते छापलं गेलं १६१६ मध्ये, म्हणजे दासोपंत गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. इकडे बालाघाटावर दासोपंत, तिकडे समुद्राकाठी स्टीफन्स, आणि दोघांच्या हातात छंद एकच. पण १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने गोव्यात स्थानिक भाषाच दाबली. पुराण टिकलं ते हस्तलिखितांत. मंगळूरला १९०७ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं.

एकोणिसाव्या शतकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन चर्चमध्ये आणलं, पण सगळ्यात मोठी उडी मारली ती नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). होय, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला आले आणि त्यांनी शेकडो गीतं लिहिली. अभंग, पदं, भजनं. त्यातली कितीतरी 'उपासना संगीत' या पुस्तकातून मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

टिळकांची युक्ती इंजिनियरला लगेच पटेल अशी आहे. अभंगालाही ठरलेला आकडा आहेच की. मोठा अभंग ६-६-६-४. म्हणजे नवा अभंग लिहिला की शेकडो वर्षांच्या सगळ्या चाली त्याला फुकटात मिळतात. बाईने जात्यावर ऐकलेली ओवी, पोराने दिंडीत ऐकलेला ठेका, सगळं चालतं. मंडळीने शिकायचे ते फक्त शब्द. तेही सगळे नाहीत. ध्रुवपद आलं तरी पुरे, कारण दर कडव्यानंतर ते परत येतंच.

यात क्वायरचं कामही बदललं. कीर्तनात बुवा ओळ टाकतात, टाळकरी ती उचलतात आणि त्यांच्या आधाराने अख्खा मांडव गायला लागतो. क्वायर टाळकरी झाला की मागची रांग आपोआप गाते. सुंदर गाणं हे क्वायरचं अर्धंच काम, दुसऱ्यांना गायला लावणं हे उरलेलं अर्धं.

पण मंडळी, हा सगळा मामला फक्त सोयीचा नव्हता. नगर भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातले. अभंग त्यांचाही होता. चोखामेळ्याने लिहिलाच होता, पण देवळाच्या दाराबाहेर उभं राहून. ज्या परंपरेने बाहेर ठेवलं तिचीच चाल नव्या घरात आणायची का? ज्याला जुनं सगळं मागे टाकायचं होतं, त्याला ऑर्गनवरची परदेशी सुरावट हीच सुटका वाटली असेल, तर त्याला नावं कशी ठेवणार? आणि टिळक तर चित्पावन ब्राह्मण. अभंगाच्या चालीने त्यांना घरी आल्यासारखं वाटणं वेगळं आणि दाराबाहेरच्याला वाटणं वेगळं.

मला स्वतःला वाटतं की ती चाल आत आणणं हाही एक हक्काचा दावाच होता. अभंग देवळाच्या मालकीचा नाही, गाणाऱ्याच्या मालकीचा आहे, हा तो दावा. चर्चमध्ये तो गाताना चोखामेळ्याच्या माणसांना दाराशी थांबावं लागलं नाही. पण ही निवड गाणाऱ्यांनी करायची असते, कवीने किंवा पाद्र्याने नव्हे. परदेशी चाल लादणं जसं चूक, तशी 'भारतीय' चाल लादणंही चूकच.

आणि 'आपलं-परकं' किती फसवं असतं बघा. ज्या पेटीशिवाय आज आपलं कीर्तन होत नाही, त्या हार्मोनियमचं पेटंट १८४२ चं, पॅरिसमधलं! पेटी तिकडून आली, अभंग इकडून गेला. शंभर वर्षांत दोन्ही इतके मुरले की कोण पाहुणा हेच कळेना.

आज कीबोर्ड आहे, प्रोजेक्टर आहे, यूट्यूबवर रोज नवं गाणं आहे. वापरावं की, स्टीफन्सनेही छापखाना वापरलाच. फक्त कसोटी एकच ठेवावी, ती चारशे वर्षं जुनी आहे. तिसऱ्या कडव्याला शेवटच्या बाकावरची आजी गाते आहे का? ती गात असेल तर चाल कुठलीही असो, ती आता तिची झाली.