अल्विसोचा डबाबंद भाजीचा कारखाना

सॅन होजेला येणाऱ्या पाहुण्यांना आमची मराठी मंडळी अ‍ॅपल-गूगल दाखवतात; मी अल्विसोला नेतो. खाडीकाठच्या त्या झोपाळू वस्तीत होप स्ट्रीटवर 'बेसाइड कॅनरी'ची जुनी इमारत उभी आहे. नक्षी नाही, कमान नाही. जाड भिंतींची लांबट बैठी वास्तू. तेव्हा आत वाफ, बाहेर बोटी आणि रेल्वे. दिमाख दाखवायला वेळ कुणाला होता?

कॅनरीचे चिनी मालक साय येन च्यू यांचा मूळ कारखाना सॅन फ्रान्सिस्कोत होता. १९०६च्या भूकंपानंतर बस्तान इथं हललं. मुलगा थॉमस फून च्यू याने धंदा इतका वाढवला, की देशातल्या सर्वांत मोठ्या कॅनऱ्यांत त्याची गणना होऊ लागली. हिरवा अ‍ॅस्परॅगस (आपल्या शतावरीचा भाऊबंद) डबाबंद करण्यात तो अग्रेसर; लोक त्याला 'अ‍ॅस्परॅगस किंग' म्हणत. हे कोंब तोडल्यावर झपाट्याने निबर होतात, म्हणून त्याने शेतांजवळच, आयल्टनला, आणखी एक कारखाना काढला. आणि हे सगळं कधी? चिनी मजुरांना देशाची दारं बंद करणारा १८८२चा कायदा लागू असताना! मला तरी यापुढे आजच्या स्टार्टअपवाल्यांच्या शौर्यकथा फिक्या वाटतात.

थॉमस १९३१मध्ये ऐन चाळिशीत गेला. मंदी होतीच, १९३६मध्ये कारखाना बंद पडला.