डहाणू औष्णिक वीज केंद्रविरोधी लढा

(डहाणू तालुका, पालघर जिल्हा, पूर्वीचा ठाणे जिल्हा). मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी डहाणूच्या खाडीकाठी उभारलेल्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या कोळसा केंद्राविरुद्ध १९८९ पासून चाललेला लढा. चिकूचे बागायतदार, पर्यावरण कार्यकर्ते, वारली व इतर आदिवासी आणि किनाऱ्यावरचे मच्छिमार यांचा त्यात कमीअधिक सहभाग होता. नेतृत्व दीर्घकाळ नर्गिस इराणी आणि कित्याम रुस्तम या दोन डहाणूकर महिलांकडे राहिले. केंद्र उभे राहिले आणि ते चालूही आहे, त्यामुळे मूळ मागणी फसली असे म्हणावे लागते. तरीही संपूर्ण तालुक्याला लाभलेले कायद्याचे संरक्षण, जागेवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण आणि धुरातील गंधक काढणारी यंत्रणा या तीन गोष्टी या लढ्याने मिळवल्या. कोळशाच्या प्रश्नावर महाराष्ट्रात एवढे चिवट काम क्वचितच झाले आहे.

पार्श्वभूमी : डहाणू तालुक्याच्या लोकसंख्येत दोन-तृतीयांशांहून अधिक आदिवासी आहेत. वारली बहुसंख्य असून कोकणा, दुबळा, कातकरी, मल्हार कोळी यांचीही वस्ती आहे. पश्चिमेला किनारपट्टी, मध्ये इराणी-पारशी कुटुंबांनी वसवलेल्या चिकूच्या वाड्या आणि पूर्वेला डोंगराकडे सरकत जाणारे आदिवासी पाडे अशी तालुक्याची ठेवण आहे. वाड्यांवर मजुरीला येणाऱ्यांत वारली स्त्रियांचा भरणा मोठा. १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, तो याच डहाणू-तलासरी पट्ट्यात झाला. १९७८ पासून कष्टकरी संघटना या भागात जमीन आणि जंगलहक्कांसाठी काम करीत आहे. बाईने पुढे उभे राहून लढवलेला लढा या तालुक्याला नवा नव्हता.

मंजुरी आणि पहिला खटला : बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय (बीएसईएस) ही तेव्हा उपनगरांना वीज पुरवणारी कंपनी. तिच्या प्रत्येकी २५० मेगावॉटच्या दोन संचांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च १९८९ मध्ये मंजुरी दिली. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट आणि बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप यांनी मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. याचिका फेटाळली गेली आणि १९ मार्च १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मंजुरी कायम ठेवली. निकालात मात्र एक वाक्य राहिले आणि पुढची सोळा वर्षे लढा त्याच वाक्याला धरून चालला : धुरातील गंधक काढणाऱ्या संयंत्राची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये. केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. कोळसा आजच्या छत्तीसगडमधील कोरबा भागातून रेल्वेने येऊ लागला; म्हणजे खाण आदिवासींच्या भूमीवर आणि भट्टीही आदिवासींच्या भूमीवर. वीज गेली मुंबईला. तालुक्यातील अनेक पाड्यांवर त्यानंतरही वर्षानुवर्षे दिवा नव्हता.

१९९१ ची अधिसूचना : न्यायालयाच्या निकालानंतर तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी करून लाल वर्गाला बंदी घातली गेली आणि तालुक्यात उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर जागा ठेवली गेली. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टाही आखला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो बदलला.

प्राधिकरण : अधिसूचना कागदावरच राहते आहे हे दिसल्यावर ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांच्या नावाने १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडून पाहणी करवून घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालात निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यानुसार १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी हे पहिले अध्यक्ष. ३ जानेवारी २०१९ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ते या पदावर होते.

हे प्राधिकरण नेहमीच्या सरकारी समित्यांहून वेगळे होते. ते एका तालुक्यापुरते होते, सुनावणीत सामान्य माणसाला तोंड उघडता येत असे आणि तक्रारीचा पाठपुरावा पुढच्या बैठकीत होत असे. दरम्यान केंद्रीय मंत्रालयाने ते गुंडाळण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली होती. ते टिकले, याचे श्रेय अध्यक्षांइतकेच डहाणूच्या रहिवाशांनाही द्यायला हवे.

गंधकाचा प्रश्न : या लढ्याचा हा गाभा आहे आणि त्यावरचा कागदही सर्वांत विपुल आहे. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. हवेतील बाष्पाशी आणि पानावरच्या दवाशी मिळून तो आम्ल होतो. चिकू हे सदाहरित झाड. त्याला बाराही महिने फुले-फळे असतात, त्यामुळे पानगळीत सुटका होऊन नवी पालवी कोरी येण्याचा अवसर त्याला मिळत नाही. पानांवर बसणारी राख आणि वायू वर्षभर त्याच झाडावर साचतात, असे बागायतदारांचे म्हणणे होते.

कंपनीचा युक्तिवाद असा होता, की भारतीय कोळशात गंधक मुळातच कमी असते आणि केंद्राचे धुराडे सुमारे २७५ मीटर उंच असल्याने धूर वर जाऊन विरून जातो. हा युक्तिवाद तपासून घेण्यासारखा आहे. उंच धुराड्याने जवळच्या हवेतले प्रमाण घटते हे खरे. पण वायूचे एकूण वजन रतीभरही कमी होत नाही, तो फक्त दूरवर पसरतो. डहाणूत ‘दूरवर’ म्हणजे वाड्या आणि त्यांच्यामागचे पाडे.

प्राधिकरणाने १२ मे १९९९ रोजी गंधक काढणारे संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. त्यानंतर तंत्र कोणते वापरायचे, खर्च किती, मुदत किती यांवर वर्षे गेली. या काळात कंपनीची मालकी बदलून ती रिलायन्स समूहाकडे गेली. अखेर प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. उच्च न्यायालयाने ती १०० कोटींवर आणली. रक्कम घटली तरी हमीने काम केले आणि २००७ मध्ये संयंत्र सुरू झाले.

हे संयंत्र समुद्राच्या पाण्यावर चालते. धूर एका मनोऱ्यातून वर चढतो आणि वरून समुद्राच्या पाण्याचा वर्षाव होतो. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असल्याने ते वायू शोषून घेते. मग त्या पाण्यात हवा सोडून शोषलेल्या वायूचे सल्फेटमध्ये रूपांतर केले जाते आणि ते पाणी परत सोडले जाते. सल्फेट समुद्रात आधीच भरपूर असते, म्हणून हे तंत्र निर्धोक मानतात. किनाऱ्यालगतच्या खाडीत निवटे आणि कालवे गोळा करणाऱ्यांच्या बाजूने या परत सोडलेल्या पाण्याचा प्रश्न मात्र कोणी सविस्तर तपासल्याचे या खटल्याच्या कागदांत दिसत नाही.

देशभरातील कोळसा केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथम डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाली, तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या संयंत्रातून सूटच देण्यात आली. डहाणूने ते २०१५ च्या मर्यादेच्या आठ वर्षे आधी बसवून घेतले होते.

महिलांचे नेतृत्व : मुख्य खटला पुरुषाच्या नावाने ओळखला जातो आणि प्राधिकरण अध्यक्षांच्या नावाने. या नोंदीत नर्गिस इराणी आणि कित्याम रुस्तम यांची नावे सुरुवातीलाच घेण्याचे कारण तेच आहे. दिल्लीचा निकाल एका दिवसाचा असतो. अट पाळली जाते की नाही हे पाहणे रोजचे काम असते, आणि ते काम डहाणूत राहणाऱ्या या दोघींनी डहाणू तालुका पर्यावरण कल्याण संघटनेच्या माध्यमातून केले. सुनावण्यांना हजर राहणे, कंपनीचे अहवाल वाचून त्यांवर हरकती नोंदवणे आणि अधिसूचनेबाहेरचा उद्योग दिसला की प्राधिकरणाला कळवणे हे काम पगाराशिवाय आणि पदाशिवाय चालले. १९९१ च्या त्या एका वाक्याचे २००७ मध्ये यंत्र झाले ते यामुळे.

आदिवासींचा सहभाग : येथे कागद एकाएकी विरळ होतात. वारली स्त्रिया धुराखाली राबत होत्या, परंतु न्यायालयीन दस्तऐवजांत त्या ‘स्थानिक आदिवासी लोकसंख्या’ एवढ्या शब्दांत येतात. त्यांच्या तोंडची साक्ष मुख्य निकालांत नाही. बागायतदार आणि मजूर यांचे हितसंबंध प्रत्येक बाबतीत एक नव्हते. अधिसूचनेमुळे रोजगाराला खीळ बसली अशी तक्रार तालुक्यात वेळोवेळी झाली आहे. जमीन, जंगल आणि मजुरीचे प्रश्न कष्टकरी संघटना व किसान सभा यांनी वेगळ्या मार्गाने लढवले. या दोन प्रवाहांची सांगड वाढवण बंदराच्या (पुढे पाहा) विरोधात अधिक स्पष्ट दिसते.

मच्छिमार : खाडीतील मासळी घटल्याच्या तक्रारी आहेत.

चिकूचे उत्पादन : चिकूचे उत्पन्न केंद्रामुळे घटल्याचा बागायतदारांचा दावा कंपनीने मान्य केला नाही. बी पोखरणारी अळी आणि पावसाळ्यातील बुरशीजन्य फळकूज हीदेखील घटीची कारणे सांगितली जातात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

समांतर लढे : न्हावा-शेवा बंदराच्या विस्ताराने पारंपरिक मासेमारी बुडाल्याबद्दल उरण-पनवेल परिसरातील कोळ्यांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे दाद मागितली. लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. ती देण्याची जबाबदारी बंदर, सिडको आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ (ओएनजीसी) या तिघांवर टाकली. दर कुटुंबामागे ही रक्कम ५ लाख ८४ हजार होते. नवी मुंबई ज्यांच्या खाड्यांवर उभी राहिली त्यांच्या बाजूचा हा महत्त्वाचा निकाल आहे. रत्नागिरी जिल्ह्यात नाणार येथील वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे भूसंपादन मार्च २०१९ मध्ये रद्द झाले. पर्यायी बारसू-सोलगाव जागेवर एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावच्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इक्वाडोरच्या मतदारांनी यासुनी अरण्यातील तेल जमिनीतच ठेवण्याचा कौल दिला. तेथेही वाओरानी या आदिवासी समाजाच्या स्त्रिया आघाडीवर होत्या.

वाढवण : डहाणू तालुक्यातील वाढवण येथील बंदराचा पहिला प्रस्ताव प्राधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये नाकारला. नंतर हा प्रकल्प नवी मुंबईतील शेवा येथे मुख्यालय असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने (७४ टक्के) महाराष्ट्र सागरी मंडळासह (२६ टक्के) पुन्हा हाती घेतला. बंदर हा ‘उद्योग’ धरायचा की नाही, यावर वादाची बरीच भिस्त होती. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर आली. मोर्च्यांत बोंबील वलांडीवर वाळवणाऱ्या कोळणी आणि घरात डायमेकिंग (साचे बनवण्याचे काम) करणाऱ्या कुटुंबांतल्या बायकाही उतरल्या.

न्या. धर्माधिकारी यांच्या पश्चात पुन्हा नेमलेल्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला अटींसह ना-हरकत दिली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ती कायम ठेवली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. १९९१ च्या अधिसूचनेने उद्योगांसाठी ठेवलेली जागा ५०० एकर, म्हणजे सुमारे २०० हेक्टर होती. बंदरासाठी समुद्रात घालावयाचा भराव १,४४८ हेक्टरांचा आहे.