तांडा, लमाणांचा (बुलढाणा जिल्हा)

तांडा म्हणजे लमाण किंवा बंजारा लोकांचा बैलांसह चालणारा व्यापारी काफिला. पुढे हे नाव त्यांच्या स्थायी वस्तीस लाभले. लमाण हा शब्द सामान्यतः ‘लवण’ या शब्दाशी जोडला जातो. समाजातील लोक स्वतःस गोर म्हणवितात. वर्षातील सुमारे आठ महिने मार्गावर राहणाऱ्या या लोकांचे जीवन भटकंती या शब्दाने वर्णिले जाते. तो शब्द अपुरा आहे. तांड्याची वाटचाल पूर्वनियोजित असे.

मालवाहतुकीस ‘लदेणी’ म्हणत. कोकणातील मीठ घाट चढून वऱ्हाडात येई आणि परतीच्या वाटेवर बैलांच्या पाठीवर धान्य व कापूस असे. बुलढाणा जिल्ह्याचे बालाघाट व पायनघाट असे दोन भाग पडतात. राजूर, बोथा यांसारख्या घाटांतून गाड्यांपेक्षा लादलेले बैल सुलभपणे उतरत. सारा हिशेब बैलांचा असे. चारा व पाणी यांवरून मार्ग आणि मुक्काम ठरत. तांड्याचा नाईक हे ठरवी; त्याच्या मदतीस कारभारी असे. मुक्कामी गोण्या एकावर एक रचून आडोसा केला जाई व रात्री कुत्री राखण करीत. देवास वाहिलेल्या एका बैलावर ओझे लादत नसत. तो बसेल तेथे तांडा थांबे, असा संकेत होता. थकलेल्या जनावरांना विसावा देणारा हा संकेत व्यवहारासही सोयीचा होता. काळ्या जमिनीतील चिखलामुळे पावसाळ्यात वाहतूक अशक्य होई. तेव्हा तांडा गायरान असलेल्या उंच, कोरड्या जागी राही आणि लग्नकार्ये याच दिवसांत उरकली जात.

इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा पाहिला. त्यात बायकामुलांसह सहा-सातशे माणसे होती आणि दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नसे. शाहजहानच्या काळात दख्खनच्या मोहिमेसाठी भंगी व जंगी या नाइकांनी एक लाख ऐंशी हजार बैलांनिशी रसद पुरविली, अशी परंपरा आहे. हा आकडा फुगलेला असावा. आर्थर वेलस्ली याच्या १८०३ च्या दख्खन मोहिमेतही इंग्रज फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते.

या व्यवस्थेचा ऱ्हास वऱ्हाडात एका पिढीत झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मलकापूर, नांदुरा व शेगाव या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला; त्याचे उद्‌घाटन गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याने केले. महिनोन्‌महिने बैलांच्या पाठीवरून जाणारा कापूस आता थेट मुंबईस जाऊ लागला. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि काही प्रांतांत बंजाऱ्यांना तो लागू करण्यात आला. ज्या फिरण्यास सैन्ये व सरकारे मोल देत, तेच आता संशयाचे कारण ठरले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; महाराष्ट्रात बंजारा समाजाचा समावेश विमुक्त जातींत होतो.

तांडे मुख्यतः गावांच्या बाहेर, डोंगरउतारावर व गायरानाजवळ स्थिरावले. मेहकर, लोणार व सिंदखेड राजा या तालुक्यांत अशा वस्त्या आहेत. जमीन बहुधा हलकी व कोरडवाहू असल्यामुळे शेतीवर वर्षभर निर्वाह होत नाही. गाडीतच संसार मांडणाऱ्या गाडी लोहारांप्रमाणे लमाणांनी घर चाकांवर ठेवले नव्हते. त्यांचे घर बैलांच्या पाठीवर होते, आणि वाहतूक संपताच ते बैलही गेले. मराठवाडा व वऱ्हाडातील अनेक लमाण कुटुंबे आज दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीस जातात. मार्ग व मुक्काम आता नाईक ठरवीत नाही, ते साखर कारखान्याच्या हंगामावरून ठरतात. मुले पुष्कळदा बरोबर असतात आणि त्यांची शाळा खंडित होते. उन्हाळ्यात गाळप संपले की ही कुटुंबे पावसाळ्यापूर्वी तांड्यावर परततात.