हिराई : एका जुन्या नावाची थोरवी

हिरा, हिराबाई, हिराई ही नावे आज बहुधा आजीच्या पिढीतच ऐकू येतात. नातीचे नाव ठेवण्याची वेळ आली की घरात दोन मते पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, घराण्यातले नाव पुढे चालले पाहिजे. तरुण आईबापांना वाटते, असल्या नावामुळे मुलीला वर्गात हसतील. या वादात आपल्या चंद्रपूरचा इतिहास काय सांगतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हा सारा मुलूख एके काळी चांद्याच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता. या घराण्यातील बीरशहा याची हिराई ही राणी. परंपरा अशी सांगते की, हिरामण नावाच्या राजपुताने बीरशहाचा घात केला. हिरा हाच शब्द दोन्ही नावांत आहे. एका नावाने राज्य पोरके केले आणि दुसऱ्याने ते सावरले! नाव माणसाला मोठे करीत नाही, याचा याहून बोलका दाखला कोणता?

राणीला पुत्र नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तो वयात येईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. अचलेश्वर मंदिरालगत तिने पतीची भव्य समाधी बांधविली. महाकालीचे मंदिरही लोक तिच्याच नावाशी जोडतात. चैत्रातील यात्रेस मराठवाड्यातूनही हजारो भाविक तेथे येतात.

या समाधीची तुलना पुष्कळदा ताजमहालाशी केली जाते. ताज पतीने पत्नीसाठी उभारला, ही समाधी पत्नीने पतीसाठी. परंतु आणखी एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. १६३१ साली बुऱ्हाणपुरास निधन पावलेल्या त्या बेगमेचे मूळ नाव अर्जुमंद बानू. ‘मुमताज महल’ ही बादशहाने दिलेली पदवी. जगाला पदवी ठाऊक आहे, नाव फार थोड्यांना. हिराईचे मात्र स्वतःचे नावच लोकांच्या ओठी राहिले. जिजाई, रमाई यांप्रमाणेच त्याच्या शेवटी ‘आई’ आहे. लोकांच्या आदराला याहून वेगळी पदवी लागली नाही.

शिवाय हे नाव कोणा एका जातीचे वा धर्माचे नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५-१९८९) याच नावाने गाजल्या. कुलीन स्त्रियांनी जाहीर मैफलीत गाण्याची वाट त्यांनी प्रशस्त केली. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

तेव्हा नावे जुनी होतात ती अक्षरांमुळे नव्हे, तर त्यांच्यामागचे कर्तृत्व आपण विसरतो म्हणून. फातिमा, खदिजा, आयेशा या नावांनाही हेच लागू आहे. मुलीला आजीचे नाव द्यावे की नवे, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. पण जुने नाव दिलेच, तर त्याची हकीगतही तिला सांगावी. जिला आपल्या नावाचा इतिहास ठाऊक आहे, ती मुलगी हजेरीच्या वेळी मान खाली घालणार नाही. तिला शाळेत पाठवावे आणि तिचे शिक्षण पुरे होऊ द्यावे. हिराईच्या नावाला उजाळा देण्याचा याहून चांगला मार्ग नाही.